सॉरोची कबर

थॉमस हार्डी यांच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) या कादंबरीचा मोह आपल्या चित्रपटसृष्टीला वारंवार पडला आहे. १९६७ साली नूतनची भूमिका असलेला ‘दुल्हन एक रात की’ आला, १९९६ साली राजीव कपूर दिग्दर्शित ‘प्रेमग्रंथ’ आला आणि २०११ साली मायकेल विंटरबॉटम या इंग्रज दिग्दर्शकाने मुंबईत वाढलेल्या फ्रीडा पिंटोला घेऊन ‘तृष्णा’ काढला. अशा चित्रपटांविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. काहींना वाटते, ते तरुण मुलामुलींना दाखवू नयेत. इतरांना वाटते, अवश्य दाखवावेत, म्हणजे मुली सावध राहतील. मला ही दोन्ही मते सारखीच अमान्य आहेत, कारण धडा घ्यायचा तो मुलीने, हे दोहोंनीही गृहीत धरले आहे. हार्डीने धडा दिला तो आपल्याला, आणि त्यातही माझ्यासारख्या झगा घालणाऱ्याला.

कथा सर्वांना ठाऊक आहे. गरीब घरची टेस श्रीमंत ‘नातलगां’कडे कामाला जाते, तेथील तरुण मालक तिला भ्रष्ट करतो, ती मूल घेऊन घरी येते. मूल मरणाच्या दारी असताना तिचा बाप अब्रूच्या भयाने घराला कुलूप लावतो आणि धर्मगुरूला आत येऊ देत नाही. तेव्हा टेस मध्यरात्री धाकट्या भावंडांना उठवते, मेणबत्ती लावते, आणि बाळावर स्वतःच्या हाताने स्नानसंस्कार करते. नाव ठेवते ‘सॉरो’, म्हणजे दुःख. पहाटे बाळ जाते. तिचा स्नानसंस्कार ग्राह्य आहे, असे तिच्या गावचा अँग्लिकन धर्मगुरू तिला सांगतो. परंतु ख्रिस्ती विधीने दफन करण्याची गोष्ट निघताच तो माघार घेतो. दारुडे, आत्महत्या केलेले आणि स्नानसंस्काराविना मेलेली अर्भके जेथे पुरत, त्या खाजकुइलीच्या कोपऱ्यात सॉरोला जागा मिळते.

माझ्या मते कादंबरीचे हृदय येथे आहे, आणि कात्री प्रथम चालली तीही येथेच. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापली जात असताना हा प्रसंग गाळण्यात आला. हार्डीने तो त्याच वर्षी अन्यत्र स्वतंत्रपणे छापून घेतला. सभ्य वाचकाला अत्याचाराची कथा थोडी झाकून चालत होती, मात्र धर्माच्या बंद दाराचे चित्र मुळीच चालत नव्हते.

चित्रपटांनी हीच परंपरा पुढे चालविली. ‘तृष्णा’मध्ये मूल जन्मालाच येत नाही, गर्भपात होतो. मूल नाही, म्हणून कबर नाही; कबर नाही, म्हणून जाब विचारायला धर्मगुरूही नाही. ‘प्रेमग्रंथ’ने मृत बाळाच्या अंत्यविधीला मिळालेला नकार ठेवला, हे त्याचे श्रेय. तथापि नकार देणारा तेथे हिंदू धर्माचार्य आहे, आणि आपला प्रेक्षक ‘त्यांच्यात असेच असते’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतो. मूळ कथेतला नकार ख्रिस्ताच्या नावाने दिला गेला होता, याची त्याला खबरही नसते. पुढे दुर्जनाचा नाश होतो, नायिकेला नायक मिळतो. सारे पाप एका माणसाच्या माथी मारून समाज घरी जातो. हार्डीची टेस मात्र फासावर जाते, आणि समाज मागे उरतो.

आपण उरलो आहोत का, हे पाहायला पालघर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात डहाणू-तलासरीकडील लग्नगड्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही मालकाकडे राबत, आणि बायकोवरही मालक आपला हक्क समजे. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने ती प्रथा मोडली. परंतु आजही उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली परगावच्या मुली राबतात. त्यांच्यापैकी एखादी उद्या मूल घेऊन आपल्या चर्चच्या दारात उभी राहिली, तर आपला पहिला प्रश्न कोणता असेल? ‘बापाचे नाव सांग.’

ख्रिस्तसभेच्या कायद्याने हा प्रश्न स्नानसंस्काराची अट म्हणून घातलेला नाही. १९८३ च्या संहितेचे कलम ८७७ अविवाहित मातेच्या बालकाची नोंद कशी करावी, हे स्पष्ट सांगते. बापाचे नाव सिद्ध नसेल, तर त्याविना नोंद होते. कलम ८६१ प्रमाणे निकडीच्या वेळी योग्य हेतूने कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, म्हणजे टेसचा विधी आपल्याही दृष्टीने खराच ठरतो. कलम ११८३ तर स्नानसंस्कारापूर्वी वारलेल्या बालकाच्याही ख्रिस्ती अंत्यविधीला बिशपांच्या अनुमतीने वाट ठेवते, आईबापांचा संस्कार देण्याचा हेतू असला म्हणजे झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१२ साली, ब्युनोस आयरिसचे आर्चबिशप असताना, अविवाहित मातांच्या मुलांना स्नानसंस्कार नाकारणाऱ्या धर्मगुरूंना जाहीरपणे दांभिक म्हटले होते. त्यांना तसे म्हणावे लागले, यातच सारे आले.

कोणी म्हणेल, अशाने अनीतीला उत्तेजन मिळेल. हा आक्षेप नेहमी बाईपाशीच का आठवतो? योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला आणले गेले. तिच्याबरोबरचा पुरुष कोणी आणला नाही. टेसचा नवरा एंजल स्वतःचे स्खलन लग्नाच्या रात्री सांगतो आणि क्षमा मिळवतो. तीच क्षमा तो तिला नाकारतो. तो धर्मगुरूचा मुलगा आहे, हे हार्डीने उगाच लिहिलेले नाही. आणि नाझरेथची एक मुलगी सहवासापूर्वी गर्भवती आढळली, तेव्हा योसेफ हा नीतिमान पुरुषही तिला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात होता. देवदूताचे त्याने ऐकले, म्हणून आपण ख्रिस्ती आहोत.

तेव्हा चित्रपट जरूर दाखवावा. मात्र तो संपल्यावर सॉरोच्या दफनाचे गाळलेले प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि ते मुलींनी नव्हे, तर धर्मगुरूंनी आणि धर्मग्रामाच्या पुढाऱ्यांनी वाचावे.