छंदाचीही मात्रा असते

निवृत्तीला आलेल्या रुग्णांना मी नेहमी सांगतो, "एखादा छंद लावून घ्या." परवा एका गृहस्थांनी उलट विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला कसला छंद आहे?" वाचकहो, त्याचे उत्तर आज देतो. कारण या छंदाने मला पुष्कळ दिले, आणि एकदा चांगलेच घाबरवले.

मी वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स जमवतो. लहानपणी कुर्डुवाडी-बार्शी नॅरोगेज गाडीने आजोळी जाताना डोळ्यांत कोळशाचे कण जात, तरी खिडकी सोडवत नसे. ती इंजिने गेली, रूळही रुंद झाले. माझ्या कपाटात आहेत ती मात्र बहुतेक विलायती इंजिने, कारण मॉडेल्स त्यांचीच सहज मिळतात. त्यातले लाडके 'फ्लाइंग स्कॉट्समन'. मूळ इंजिन इंग्लंडमध्ये डॉनकास्टर येथे १९२३ साली तयार झाले आणि १९३४ मध्ये त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. माझे त्याच्या ७६ पट लहान, मागच्या टेंडरसह जेमतेम फूटभर.

जुनी मॉडेल्स नुसती धावत. आता शिट्टी, वाफेचे फुसकारे, भट्टीतला लाल उजेड आणि खरा धूरही मिळतो. मी वापरलेले जुने इंजिन घेतो आणि या सोयी त्यात स्वतः बसवतो. रुळांतून वीज आणि हुकूम एकदमच जातात. प्रत्येक इंजिनातील चिपला स्वतःचा क्रमांक असतो आणि ती फक्त त्याच क्रमांकाचा हुकूम ऐकते. चिप बसवताना मोटारीची जोडणी सांगाड्यापासून पूर्ण अलग करावी लागते, नाहीतर महागडी चिप क्षणात जळते. भिंग लावून, चिमट्याने केसाएवढी तार धरली की दवाखान्यातील दिवसभराची दगदग मी विसरतो. त्या रात्री झोपही चांगली लागते.

माझे मत असे की गुण येतो तो या हातकामाचा, खरेदीचा नव्हे. नवे खोके घरी आल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, मग पुढच्या खोक्याची ओढ लागते. एकदा सौ.ने कपाटातली न उघडलेली खोकी मोजली, अकरा भरली! तेव्हापासून हातातले इंजिन पुरे झाल्याशिवाय दुसरे घ्यायचे नाही, असा नियम केला.

आता घाबरवलेल्या प्रसंगाविषयी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलगी माहेरी आली होती. इंजिनाच्या धुराचे तेल लहान बाटलीत मिळते. आतल्या छोट्या हीटरवर ते तापले की धूर निघतो. ती बाटली मी टेबलावर उघडीच ठेवून जेवायला बसलो. अडीच वर्षांच्या नातीने ती तोंडाला लावली. ठसका ऐकून मी धावलो, तर तोंडाला तेलाचा वास! सौ. मिठाचे पाणी घेऊन आली. मी ओरडलोच, "उलटी करवू नको!"

असे का, ते नीट समजून घ्या. हे तेल बहुधा रॉकेलच्या जातीचे, पातळ असते. पोटात ते जितका त्रास देते, त्याहून कितीतरी जास्त फुप्फुसात गेल्यावर देते. उलटी होताना तेच श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर यांनाही हाच नियम लागू आहे. उलटी करवू नये, तोंड पुसावे, तेल सांडलेले कपडे बदलावेत आणि बाटलीसह मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. खोकला, धाप किंवा गुंगी आली तर क्षणही दवडू नये. वरवर बरे दिसणाऱ्या मुलालाही काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

नात रात्रभर रुग्णालयात होती. एक्स-रे चांगला आला, सकाळी हसत घरी आली. पण चूक माझी होती. तीस वर्षे इतरांना 'औषधे मुलांपासून दूर ठेवा' असे बजावणाऱ्या डॉक्टरची!

आणखी एक सूचना. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा. त्यातील राळेच्या धुराने दमा बळावतो. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, म्हणून काम करताना खाऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा.

आता तेलाची बाटली कुलपात असते आणि नात आली की धूर बंद. तिला त्याचे काही वाटत नाही, शिट्टी वाजली की ती खूष! तेव्हा छंद जरूर लावून घ्या. मात्र औषधासारखीच त्याचीही मात्रा सांभाळा, आणि औषधासारखाच तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.