दलालाचे छत्तीस हजार

गेल्या महिन्यात हिवरखेडचं घर विकलं. ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न, "हे कुठे आलं?" अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका. (मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे. ते नव्हे.) आणि दुसरा प्रश्न हमखास, "दलालाने किती खाल्ले?"

आज त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचंय. कारण आपण पुण्या-मुंबईत नोकरी करणारे लोक गावाकडचं घर विकायला निघालो की आधी दलालाच्या नावाने बोटं मोडतो. मीही मोडली. चार महिन्यांनंतर माझं मत थोडं बदललंय. म्हणजे दलाल संत असतो असं काही म्हणायचं नाहीये :) पण आपण भांडतो ते चुकीच्या गोष्टीवरून.

आमच्या दलालाने (त्यांना काका म्हणतो, बाबांच्या ओळखीतले) दुसऱ्याच आठवड्यात गिऱ्हाईक आणलं. १८ लाख. दलाली दोन टक्के आमच्याकडून, दोन टक्के घेणाऱ्याकडून. मी फोनवर म्हटलं, काका, जरा थांबू या का? रेल्वेचं काम होतंय, भाव वाढेल. त्यावर काका म्हणाले, "भाऊ, रेल्वे-फिल्वे काई येत नाई. आपण लहानपणापासून आयकून रायलो. गिऱ्हाईक आलं तं देऊन टाक."

बाहेरच्यांसाठी सांगतो. अकोला-खंडवा ही आमची जुनी मीटरगेज लाइन. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये गाड्या बंद झाल्या. अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी २०२२ मध्ये आली, पण पुढची लाइन मेळघाटच्या जंगलातून न्यायची की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी व्याघ्र प्रकल्प टाळून बाहेरून जाणारा मार्ग ठरला तो हिवरखेड, सोनाळा या बाजूने. त्यामुळे गावात कुठल्याही प्लॉटची बोलणी रेल्वेशिवाय पूर्ण होत नाहीत.

मजा पुढे आहे. घेणाऱ्याचा मुलगा माझ्या चुलतभावाच्या ओळखीचा निघाला. त्याला काकांनी काय सांगितलं होतं? "रेल्वे येऊन रायली, आज घेतलं तं घेतलं, उद्या हा भाव नाई." म्हणजे एकाच लाइनवर काकांच्या दोन गाड्या, एक येणारी, एक न येणारी!

मी भडकलो. मग शांत डोक्याने (म्हणजे एक्सेलमध्ये) हिशोब मांडला. १८ लाखांवर आमची दलाली ३६ हजार. चार-सहा महिने थांबून समजा एक लाख जास्त आले, तर मला मिळणार ९८ हजार. काकांना दोन्हीकडून मिळून ४ हजार. त्या ४ हजारांसाठी हातातला ७२ हजारांचा सौदा त्यांनी का लोंबकळत ठेवावा? मी त्यांच्या जागी असतो तर मीही "देऊन टाक" म्हणालो असतो. टक्केवारीवर काम करणारा माणूस सौद्यासाठी काम करतो, तुमच्यासाठी नाही. त्यात वाईट माणूस असण्याचा संबंधच नाही.

हे फक्त वऱ्हाडातलं नाही. लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. तीच माणसं, तेच ज्ञान. तिकडे तर दलालीची पद्धतच कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हापासून घर बघायला नेण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, एजंटाची फी किती ते त्यात लिहून. लेखी! हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

आपल्याकडे काय? रेरा आहे. महारेरा २०१७ पासून, एजंटांना नोंदणी सक्तीची, २०२३ पासून परीक्षासुद्धा. पण हे सगळं बिल्डरच्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटांसाठी. हिवरखेडच्या गल्लीतलं मातीच्या भिंतींचं, पुढे टिनाची पडवी असलेलं आजोबांचं घर विकताना रेरा कुठेच येत नाही. गंमत म्हणजे याच वऱ्हाडात कापसाच्या दलालांवर १८९७ साली कायदा आला होता. कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा, बाजारावर देखरेखीला समिती, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने. कारंजाचा नियंत्रित कापूस बाजार तर त्याच्याही आधीचा, १८८६ चा. कापसाच्या बोंडाला जे संरक्षण सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं, ते गावातल्या घराला अजून नाही. असो.

आता खरी गोष्ट. ती सांगताना जरा लाज वाटते.

घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. ते मृत्युपत्र न करता १९८७ मध्ये गेले, मग आजी गेली. नमुना आठवर बाबांचं नाव लागलं. बाबा गेल्यावर आई, ताई आणि मी. आता आजोबांना मुलं दोन, बाबा आणि आत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा घरात मुलीला मुलाइतकाच वाटा. यासाठी २००५ च्या दुरुस्तीचीसुद्धा गरज नाही, हे सरळ आहे. म्हणजे अर्धं घर आत्याचं.

मी काकांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "नमुना आठवर तुह्या बाबाचंच नाव हाय. आत्याले कायले मधात आणतं?"

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं! दोन दिवस मी गप्प बसलो. नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, कर कोण भरतो ते सांगणारा. (हिवरखेडला आता नगरपरिषद आहे, पण आमच्याकडे कागद जुनेच.) तो मालकीचा पुरावा नाही हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो. दलालाचे ३६ हजार मला टोचत होते, त्यावर मी एक्सेल उघडून बसलो होतो. आणि आत्याचे ९ लाख बुडवायला मी तयार होतो. त्या एक्सेलमध्ये आत्याचा कॉलमच नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. तिने एकच विचारलं, "आत्याला सांगितलंस?" मग अकोटला गेलो. आत्याने चहा ठेवला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सई करतो मी. पन भाव कोनं ठरवला?"

मी म्हटलं, दलालाने. ती हसली. मागच्या गल्लीतलं आमच्याहून लहान घर दिवाळीत कितीला गेलं ते तिला माहीत होतं. घेणारा कोण, रोख किती, चेक किती, सगळं. मी पुण्यात बसून साइटवर भाव शोधत होतो (हिवरखेडचे भाव, साइटवर!) आणि माहितीचा खजिना अकोटात चहा करत होता. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक सोडलं. ते नाराज झाले, काका त्याहून जास्त. मग मी काकांसमोर वेगळा प्रस्ताव ठेवला. टक्के नकोत. आमच्याकडून ठरलेले २५ हजार, सौदा कितीलाही होवो. त्यातले ५ हजार आत्ताच, सौदा झाला नाही तरी तुमचे. कारण तुम्ही उतारे काढता, तेल्हाऱ्याला चकरा मारता, शेजाऱ्याच्या भिंतीचा वाद मिटवता, ते काम आहेच. घेणाऱ्याकडून तुम्ही काय घेता ते आम्हाला सांगायचं. आणि १९ च्या खाली गिऱ्हाईक आणायचं नाही. हे सगळं कागदावर.

"कागद कायले पायजे भाऊ, जबान हाय ना."

म्हटलं, काका, जबान आहेच, कागद माझ्या विसरभोळेपणासाठी. दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मग आले आणि सही केली.

आता तुम्ही म्हणाल, ठरावीक रक्कम दिली तर तो भाव वाढवायला कशाला झटेल? बरोबर, नाही झटणार. पण टक्केवारीतही झटत नव्हता, हे वर पाहिलंच. फरक इतकाच की आता भाव आम्ही ठरवत होतो, आणि ज्या कामासाठी गावातला माणूस खरोखर लागतो त्याचे पैसे आम्ही देत होतो. पुण्याहून मी भिंतीचा वाद मिटवू शकलो असतो? शेजाऱ्याच्या ओसरीवर काका तीन संध्याकाळी बसले. कायद्याच्या नोटिशीने तो वाद मुलांपर्यंत चालला असता.

घर १९ लाख २५ हजारांना गेलं. सगळे पैसे बँकेतून. (इसार रोखीत घ्यायचा मोह टाळा. २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा.) खरेदीखतात लिहून देणार म्हणून आत्याचं नाव पहिलं, मग आई, ताई, मी. हक्कसोडपत्र नाही. तिच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या खात्यात गेले. एक-दोन नातेवाइकांनी "बहिणी सोडून देतात ग आपल्याकडे" असं आईला ऐकवलं. आई काही बोलली नाही.

तेल्हाऱ्याला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर काकांना उरलेले २० हजार दिले. त्यांनी दोनदा मोजले. आत्या शेजारीच उभी होती, पिशवी सावरत म्हणाली,

"भाऊ, अकोटात एखांदा लहान प्लॉट असन तं सांगजा. टक्क्यावर नाई, याच्यासारखं."