बांधावर उघडायचं पुस्तक

निसर्गाचं पुस्तक म्हणून लहान मुलांच्या हाती आपण जे देतो, त्यात बहुधा घनदाट जंगल असतं. वाघ असतो, हत्ती असतो, कधी पेंग्विनही असतो. आपल्या गंगापूर तालुक्यातल्या लासूर स्टेशनच्या पोराला यातलं घराबाहेर काय दिसणार? जंगल म्हणावं तर कन्नडकडचं गौताळा. इथं आहे ती काळी जमीन, कपाशी, कांदा, शिवना नदीचं पात्र आणि बांधावरच्या बाभळी. निसर्ग दुसरीकडे असतो, तुझ्या गावात नाही, असंच ते पुस्तक त्या पोराला नकळत शिकवतं. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

कारण त्या पोराला कितीतरी गोष्टी आधीच ठाऊक असतात. टिटवीनं चार अंडी घातली की चार महिने पाऊस, उंचावर घातली तर पाऊस जोराचा, हे त्यानं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं असतं. चांगलं पुस्तक अशा माहितीला हसत नाही आणि तिला नुसती मानही डोलवत नाही. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, एवढं ते सांगतं. मग यंदा तूच बघ: अंडी बांधावर होती की सखल वावरात, किती होती, पाऊस किती महिने टिकला. लांबूनच बघ, जवळ गेलास तर टिटवी सगळं शिवार डोक्यावर घेईल. आणि वहीत तारीख घालून लिही. आजीचं खरं की पुस्तकाचं, हे ठरवायला पोराला शेतातच जावं लागतं.

सुगरणीचंही तसंच. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे आपल्याकडे कोणी पाहिलेले नाहीत? नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन आत-बाहेर बघते. पसंत पडला तर नर पुढची लांब नळी विणायला घेतो, नाहीतर तो खोपा तसाच सोडून दुसरा सुरू करतो. एकाच झाडावर काही खोपे पुरे आणि काही अर्धवट दिसतात त्याचं हे एक कारण. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीचं हे सगळं वागणं बारकाईनं टिपलं. ही चार वाक्यं वाचलेलं पोर पुढच्या वेळी विहिरीपाशी नुसतं दगड मारायला जाणार नाही. ते खोपे मोजेल.

सलीम अलींचीही सुरुवात एका पुस्तकानंच झाली. छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ते लहानपणी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखून दिली, संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकं दिली. त्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचं पुस्तक होतं, मुंबईतल्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं. म्हणजे मुंबईच्या मुलाला मुंबईचेच पक्षी मिळाले. पुढे 1941 मध्ये त्याच मुलानं भारतातल्या पक्ष्यांचं पुस्तक लिहिलं.

मग लासूरच्या पोराला काय द्यावं? किरण पुरंदरे यांचं ‘पक्षी : आपले सख्खे शेजारी’ द्या. मारुती चितमपल्लींची पुस्तकं थोड्या मोठ्या मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. वन खात्याच्या नोकरीत त्यांनी रानातल्या माणसांकडून नावं आणि गोष्टी गोळा केल्या, पुस्तकी आणि लोकांची असा भेद न करता. सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला 2019 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तीही कादंबरी आणा. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. ‘झाडे लावा’ एवढाच उपदेश पानोपानी करणारी पुस्तकं मात्र मी घेणार नाही. उपदेश ऐकून मूल झाडाकडे बघत नाही.

तरी एक पुस्तक अजून हवंच आहे: आपल्या गंगापूर तालुक्याचं. कपाशीत शेतकरी पक्षीथांबे रोवतो, त्यावर कोतवाल येऊन बसतो आणि किडे-अळ्या टिपतो. रेल्वेच्या तारांवर वेडे राघू बसतात. याच तालुक्याला टेकलेल्या जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते पाणी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हे पुस्तक पुण्या-मुंबईहून कोणी लिहून पाठवणार नाही. इथल्या शिक्षकांनी मुलांच्या वह्यांतून ते करावं.

चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हे दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. पण बऱ्याचदा तेव्हा दिवाळीची सुट्टी असते आणि शाळेतली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात. पुस्तक फाटेल, हरवेल ही गुरुजींची भीती मी समजू शकतो. तरी गुरुजी, यंदा सुट्टी लागण्याआधी ते कपाट उघडा आणि प्रत्येक मुलाला एक पुस्तक आणि एक कोरी वही घरी न्यायला द्या. चार पुस्तकं फाटली तर फाटू द्या.