औषध लांबवण्याआधी निदान

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला महिनोन्‌महिने अँटिबायोटिक द्यावं लागतं, असं म्हटलं की परभणीकडे तीन आक्षेप हमखास निघतात. एक, हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे कुठला? दोन, एवढी औषधं उष्ण पडतील. खोकला थांबला की गोळ्या बंद कराव्यात. तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा: जंतू औषधांना दाद देईनासे झालेत आणि तुम्ही कोर्स लांबवायला सांगता?

पहिला आक्षेप तपासणीअभावी टिकून आहे. भारतात या आजाराच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताच्या नात्यात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न होणाऱ्या मराठवाड्याने तर हा आजार परका मानूच नये. वारंवार न्यूमोनिया, तेलकट दुर्गंधी शौच, वजन न वाढणं आणि पापा घेताना खारट लागणारं कपाळ ही त्याची लक्षणं. घामावाटे मीठ जास्त जात असल्याने परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात असं मूल एकाएकी गळून जाऊ शकतं. पण कागदावर दमा, कुपोषण किंवा टीबी लिहिलं जातं आणि आजार ‘नसतो’.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर फुप्फुसात आहे. १९८९ मध्ये सापडलेलं सीएफटीआर जनुक बिघडलं की क्षार आणि पाण्याची ये-जा बिघडते, कफ चिकट होतो आणि बेडका सुटत नाही. त्यात स्यूडोमोनास हा जंतू ठाण मांडतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर उभारतो. खोकला कमी झाला तरी तो आतच असतो. म्हणून तो पहिल्यांदा सापडताच उखडण्यासाठी वाफेवाटे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक देतात. कायमचा मुक्काम झालाच, तर २८ दिवस औषध आणि २८ दिवस विश्रांती असा क्रम चालतो. अशा रुग्णांना आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन दिल्याने फुप्फुसांची क्षमता सुधारते आणि आजार उफाळणं कमी होतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसलं. इथे त्याचा मुख्य उपयोग जंतू मारण्यापेक्षा सूज शमवण्याचा मानला जातो.

तिसरा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. लहानग्यांना संसर्गाआधीच वर्षानुवर्षे सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तेव्हा स्टॅफिलोकॉकस हा जंतू घटला, पण स्यूडोमोनास जास्त मुलांत आढळला. क्षयाच्या कुळातले इतर जंतू छातीत असताना एकटं ॲझिथ्रोमायसिन चालवलं, तर तेही त्याला दाद देईनासे होतात. म्हणून ते सुरू करण्याआधी थुंकीत हे जंतू शोधावेच लागतात. म्हणजे दीर्घ वापर धोक्याचा आहेच. पण जंतू न ओळखता केलेला दीर्घ वापर दुप्पट धोक्याचा.

आणि जंतूंना शिरजोर करायला लांब कोर्सच लागतो असं कुठे आहे? तालुक्याला पाच दिवस एक गोळी, जिल्ह्याला सात दिवस दुसरी, नांदेडला इंजेक्शनं, मधे मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेली तिसरी. खरं तर २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. या तुकड्यातुकड्यांच्या औषधांची बेरीज वर्षअखेरीस लांब कोर्सएवढीच होते. फरक इतकाच की एकदाही थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, झालेलं नसतं. या बेरजेबद्दल आक्षेप घेणारे गप्प का?

तेव्हा भूमिका सरळ आहे. निदान पक्कं असेल, जंतूचं नाव माहीत असेल, दर तीन महिन्यांनी कल्चर होत असेल, औषधांच्या दुष्परिणामांसाठी कान आणि यकृतावर लक्ष असेल आणि रोज कफ काढण्याचा व्यायाम होत असेल, तर दीर्घकाळ अँटिबायोटिक द्यावं आणि न घाबरता द्यावं. यातलं काहीच नसेल, तर पाच दिवसांचीही गोळी आंधळीच.

मूळ दोषावर काम करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. तेव्हा वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर किंमत असलेली ती गोळी आपल्या गावकुसाबाहेरच आहे. ती येईपर्यंत फुप्फुस सांभाळायचं ते अँटिबायोटिक आणि व्यायामावरच. म्हणून मागणी महागड्या गोळीआधी साध्या गोष्टींची आहे: अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासणाऱ्या पथकांनी वारंवार न्यूमोनिया होणारं, वजन न वाढणारं मूल घामाच्या तपासणीला पाठवावं आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने अशा प्रत्येक मुलाच्या थुंकीचं कल्चर नियमाने करावं. औषध किती दिवस, हा वाद त्यानंतर डॉक्टरांनी अहवाल समोर ठेवून घालावा.