अंग कामगाराचे, हालचाल मालकाची?

व्हिडिओ गेममध्ये धावणारा, लढणारा, कोसळणारा राक्षस पाहिला की आपण संगणकाचे कौतुक करतो. त्या राक्षसाच्या आत एक कामगार घाम गाळत असतो, हे कोणी सांगत नाही.

त्याला अंगाला घट्ट बसणारा पोशाख चढवतात. खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा अशा जागी चकाकणारे छोटे गोळे चिकटवतात. त्यांना मार्कर म्हणतात. भोवतीच्या कॅमेऱ्यांचा प्रकाश त्यांवरून परततो आणि एकाहून अधिक कॅमेऱ्यांना दिसलेल्या ठिपक्यावरून संगणक त्याची जागा काढतो. मार्कर सरकला, तर उडी पुन्हा मारायची! चेहरा, कातडी, नाव सारे गळून जाते. उरते ती हालचाल, म्हणजे नेमके त्याचे कसब. त्यालाच मालक नुसती 'आकडेवारी' ठरवू पाहतो.

ही चलाखी जुनीच. १९१० च्या दशकात अमेरिकेत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ यांनी कामगारांच्या बोटांना विजेचे छोटे दिवे बांधून फोटो काढले आणि प्रकाशाच्या रेषांवरून हालचाली मोजल्या. थकवा कमी करायचा आहे, असे सांगितले गेले. हातातले कसब मात्र व्यवस्थापनाच्या कपाटात गेले. 'वर्क स्टडी'नंतर पदे सरेंडर होताना पाहिलेल्या रेल्वे कामगारांना आणि घड्याळ लावून सॉर्टिंग मोजून घेतलेल्या टपाल कामगारांना हे वेगळे सांगायला नको.

आता तर टिपलेल्या हालचालींवरून कृत्रिम बुद्धिमत्ता नव्या हालचाली बनवते. मजुरी एका दिवसाची, राबणे कायमचे! म्हणूनच अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलावंतांच्या युनियनने २६ जुलै २०२४ पासून व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध संप केला. गाडे पगारावर अडले नव्हते. केवळ अंगाने काम करणाऱ्या, स्टंट करणाऱ्या सर्वांना संरक्षण द्यायला कंपन्या तयार नाहीत, हा युनियनचा आरोप होता. ११ जून २०२५ रोजी संप स्थगित झाला आणि जुलैत सभासदांनी ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी करार मंजूर केला. डिजिटल प्रतिकृतीसाठी आता कलावंताची संमती लागते. शिवाय संपकाळात नवे काम काढण्याची संमती त्याला रोखून धरता येते. माणूस संपावर आणि त्याची सावली कामावर, हा डाव तेथे हाणून पाडला गेला.

आपल्याकडे की-मन आणि गस्तवाल्यांच्या हाती रेल्वेने जीपीएस यंत्रे दिली आहेत. त्यांच्या प्रत्येक पावलाची नोंद होते. त्या नोंदीवर हक्क कोणाचा, हे आपल्या मागणीपत्रकात कधी येणार?