आपापलं तरट, आपापला टॅब

शाळेत येताना टॅब आणायचा. ज्याचा त्याने, आपापला. शाळा कुणाची? जिल्हा परिषदेची. पोरं कुणाची? ज्यांच्या दारात इंग्लिश मीडियमची पिवळी बस थांबत नाही त्यांची. आणि टॅब? तो मात्र ज्याचा त्याचा! वा रे न्याय.

दोस्तांनो, गेली दहाएक वर्षं महाराष्ट्रात या गोष्टीचं कौतुक चाललंय. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्याच्या मागोमाग शाळा ‘डिजिटल’ करायची लाट आली. ही लाट बरीचशी लोकवर्गणीवर चढली. गावातून पट्टी गोळा झाली. कुठं प्रोजेक्टर आला, कुठं टीव्ही, आणि जिथं मास्तर जास्त हौशी तिथं प्रत्येक पोराच्या हातात टॅब. तोही आईबापाने पदरमोड करून घेतलेला. मग पेपरात फोटो. सतरंजीवर ओळीने बसलेली चिमुकली, मांडीवर टॅब, मागे शिक्षणाधिकारी, सरपंच, सगळे दात काढून उभे. मथळा ठरलेला: दप्तराचं ओझं गेलं!

असला फोटो हातात आला की एक काम करा. फोटोतली पोरं मोजा. मग शाळेच्या पटावरची पोरं मोजा. दोन आकड्यांत जो फरक येईल, तो आमचा.

ही ‘आपापलं आणा’ची रीत आमच्या घराला नवी नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचं एक पोरगं होतं. वर्गात बाकीच्यांची बसायची सोय शाळेची. याची सोय याने स्वतः करायची. तरटाचा तुकडा सकाळी घरून न्यायचा, कोपऱ्यात एकट्याने त्यावर बसायचं, संध्याकाळी गुंडाळून घरी आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवलीय. त्या तरटाचा खर्च कुणी केला? बापाने. ते बसकर शाळेच्या वस्तूंत कधी जमा झालं का? नाही. शाळा सरकारची होती, पोराची जागा मात्र पोराची खाजगी बाब होती. सव्वाशे वर्षांनी तरटाचा टॅब झाला. तेव्हा आणायला लागायचं म्हणून पोरगं वेगळं पडायचं. आज आणता येत नाही म्हणून पडतंय. हिशोब उलटा झाला, कोपरा तोच राहिला.

कुणी म्हणेल, जात कुठून आणली यात? अरे, जात आम्ही आणत नाही, ती आमच्या आधी येऊन बसलेली असते. गावात टॅब कुणाच्या घरी आधी येतो ते बघा. ज्याच्याकडं बागायत, दुकान, नोकरी, त्याच्या घरी. आणि कुणाच्या घरी येत नाही? बौद्धवाड्यात, मांगवाड्यात, पारध्याच्या पालावर, लमाणांच्या तांड्यावर. आता वर्गात कुणी जात विचारत नाही, कायदा आहे ना! ‘तुझा टॅब कुठंय रे?’ एवढंच विचारायचं. उत्तर तेच मिळतं.

आता ‘ऐच्छिक’ या शब्दाबद्दल. हा शब्द फार बेरकी आहे. पालकसभेत सांगतात, सक्ती नाही, ज्याला जमेल त्याने घ्या. महारकी, मांगकीसुद्धा कागदावर मान-हक्काचीच होती की! दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, आणि वर ‘वतनदार’ म्हणून मिरवायचं. नाही म्हणून दाखवा म्हणजे गाव काय ते कळायचं. पालकसभेत शेवटच्या रांगेत बसलेली बाई नाही म्हणत नाही. ती मान डोलावते आणि घरी जाऊन बचत गटाच्या नाहीतर मायक्रोफायनान्सच्या कर्जात आणखी एक हप्ता वाढवते. लेकराला चार पोरांत खाली बघायला लागू नये म्हणून. तिच्या या मायेवर सरकार आपला खर्च वाचवतंय. त्याला नाव काय, तर लोकसहभाग.

चला, हिशोब करू. बरा टॅब सात-आठ हजाराला पडतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे पंचवीस दिवस घमेलं उचलायचं, आणि त्या पंचवीस दिवसांत कुणी काही खायचं नाही. घरात दोन पोरं असतील तर पन्नास दिवस. दर महिन्याचा रिचार्ज वेगळा. काच फुटली तर? ‘ज्याची त्याची जबाबदारी.’

अजून एक हिशोब सांगतो, हा मला फार आवडतो. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीचा भत्ता सुरू केला. दिवसाला किती? एक रुपया. शाळा भरली तितके दिवस, वर्षाला फार तर २२० रुपये. या भत्त्याला हात न लावता पोरीने टॅब घ्यायचा म्हटलं तर पस्तीस वर्षं लागतील. सहाव्या वर्षी पहिलीत बसलेली पोर एक्केचाळिसाव्या वर्षी टॅब घेऊन शाळेत येईल. तोवर चौथीचा वर्ग उघडा ठेवा म्हणावं. तोही भरवसा नाही, कारण २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले होते. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांनाच वीस पोरं नसतात, हे सांगायला नको.

धाराशिव जिल्हा कसला, ते शहरात वाढलेल्या दोस्तांना सांगायला पाहिजे. तुमच्यातल्या कितीकांचे आजे १९७२ च्या दुष्काळात तिथूनच मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत आले. २०१८ साली निती आयोगाने देशातले मागास जिल्हे काढले आणि त्यांना ‘आकांक्षित’ असं गोंडस नाव दिलं. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद. २०२३ ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले. भूम, परांडा, वाशी, कळंबच्या गावांतून दसरा-दिवाळीला उसाच्या ट्रक-ट्रॅक्टर भरून जायच्या राहिल्या नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता, आणि ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेली पोरं. फडाजवळच्या कोपीत टॅब चार्ज कुठं करायचा, हे त्या टॅबवाल्या फोटोतल्या साहेबाने दाखवून द्यावं. जी पोरं मागं राहतात ती आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. टॅब घेतलाच तर तो आईजवळ राहणार, की आजीजवळ? आणि शाळेत तरी काय? बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या आपल्याकडं दर वर्षाच्या आहेत.

हे सगळं एकदा होऊन गेलंय, विसरलात का? मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गाचं दार उघडलं १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिने ‘आपापलं आणा’चंच राज्य होतं: आपापला मोबाइल, आपापला नेट, आपापलं नशीब. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १४०० पोरांना गाठून पाहणी केली. खेड्यातली दलित-आदिवासी पोरं नियमित ऑनलाइन शिकत होती किती? शंभरातली चार. त्याच गरीब वस्त्यांतली बाकीच्या जातींची? शंभरातली पंधरा. गरिबीतसुद्धा जवळपास चौपट फरक! एवढा मोठा प्रयोग अख्ख्या देशावर करून झाला, निकाल हातात आला, आणि तरीही टॅबची टूम पालकांच्याच खिशातून पुढं चालू. याला अडाणीपणा म्हणत नाहीत. याला मस्ती म्हणतात.

आणि हे फक्त आमच्याच वाड्यात घडतं असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात दहावीच्या एका पोराने बापाकडं अभ्यासासाठी मोबाइल मागितला. बाप शेतकरी, कर्जात. घेता आला नाही. पोराने जीव दिला, आणि ते बघून बापाने. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आता मास्तरांचं. कुणी म्हणेल हा लेख शिक्षकांवर आहे, तर तो नाही. उमरगा तालुक्यात जगदंबानगरच्या जिल्हा परिषद शाळेतले उमेश खोसे यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. नेट नसलेल्या जागी चालतील अशी ॲप्स त्यांनी बनवली, बंजारा बोली बोलणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या बोलीत धडे नेले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, पोरांच्या घरची भाषा कन्नड म्हणून पुस्तकं कन्नडमध्ये नेली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. नीट बघा, या दोघांनी आधी काय केलं? पोराच्या तोंडातली भाषा वर्गात आणली. पोराकडं जे आहे ते त्यांनी धरलं. सरकारने मात्र यातलं फक्त चकाकणारं यंत्र उचललं आणि बाकी सोडून दिलं. वर मास्तरालाच पुढं केलं: जा, गावात पट्टी मागत फिर. शिकवायचं सोडून मास्तर वर्गणीची पावती फाडतोय, हा देखावा कुणी पुरस्काराच्या व्यासपीठावर दाखवत नाही.

मग टॅब नकोच का? कोण म्हणतं? खादी विणा, चरखा फिरवा, गावातच सुखी राहा असं सांगणारे आमचे बाप नव्हते. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात रोखठोक मांडलंय की दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्या समाजरचनेच्या मुठीत आहे तिचा आहे. आम्हाला टॅब पाहिजे. खडू पाहिजे तसा, फळा पाहिजे तसा. कुठल्या शाळेत पोरांना सांगतात का, की आपापला फळा घेऊन या? (उद्या सांगतीलही, नेम नाही.) आणि टॅबने पोरं आपोआप हुशार होतात ही भाबडी समजूतही सोडा. पेरू देशात सरकारने स्वतःच्या पैशाने लाखो लॅपटॉप शाळांतून वाटले. २०१२ च्या अहवालात गणित आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. स्वीडनसारखा श्रीमंत देश २०२३ पासून छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा घालतोय. ते वापरून, कंटाळून परत फिरतात, आणि आमच्या पोरांना ते वापरून कंटाळायचीही मुभा नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३ काढा. शिक्षण पुरं करायला आडवी येईल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च बालकावर टाकता येणार नाही, असं त्यात आहे. ‘खर्च’ हा शब्द तिथं आहे. टॅब हा खर्च नाही तर काय प्रसाद आहे? १८८२ साली जोतिबा हंटर कमिशनपुढं हेच ओरडले होते: पैसा रयतेच्या घामाचा, तो जातो वरच्यांच्या शिक्षणावर, खेड्यातल्या प्राथमिक शाळेला काही नाही. त्यांना निदान सरकारच्या तिजोरीशी भांडायचं होतं. आता तिजोरीवाला म्हणतो, तुमच्या पोराचं तुम्हीच बघा.

थोडं आपल्याही माणसांबद्दल बोललं पाहिजे. राखीव जागेवर साहेब झालेले आपले काही बंधू १४ एप्रिलला गावी जातात, दहा-वीस टॅब वाटतात, हार घालून घेतात, फेसबुकवर टाकतात. भावांनो, हेतू चांगला असेल. पण वाड्यातल्या चाळीस पोरांतून दहा कुठली निवडली? बाकीच्या तिसांना काय सांगितलं? ज्याची भीक घालायची वेळ येते तो हक्क नसतो, आणि तुम्ही भीक घातली की झेडपीतला साहेब सुटतो. १९४१ साली कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी बाबासाहेब आले, तेव्हा त्यांचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. त्या जिल्ह्यातल्या शाळेत जाऊन आपण खिरापत वाटायची?

तेव्हा सुट्टीत गावी गेलात की टॅब नेऊ नका, कागद न्या. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात, वंचित घरांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा असावी लागते. आपल्या वाड्यातलं कोण आहे ते बघा, आणि नुसता अंगठा देणारं असेल तर शेजारी जाऊन बसा. १ मे ला ग्रामसभा असते, १५ ऑगस्टला असते. तिथं तीन प्रश्न लेखी द्या. वर्गातले टॅब शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला कितव्या पानावर नोंदवलेत? नोंद नसेल तर ते कुणाच्या खिशातून आले? आणि ज्या पोरीकडं टॅब नाही ती टॅबच्या तासाला नेमकी कुठं बसते? शाळेकडं सगळ्यांना पुरतील इतके टॅब येईपर्यंत घरचा एकही टॅब वर्गात चालणार नाही, असा ठराव त्याच कागदावर मांडा. ग्रामसेवक म्हणेल, तोंडी सांगितलंत तरी चालेल. चालू देऊ नका. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती पोच आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकात छापू.