अंड्याची चव तरी कशाला हवी?



अमेरिकेत टेक्सासकडे ‘मिगास’ नावाचा एक पदार्थ करतात. न्याहारीला चालतो, घाईच्या रात्री जेवणालाही चालतो. मक्याच्या पोळीचे तुकडे तळायचे, कांदा-टोमॅटो-मिरची परतायची, त्यात अंडी फोडून ढवळायची, वर चीज. स्पॅनिशमध्ये मिगास म्हणजे चुरा. आपला कुस्कराच की!

आता त्याची बिनअंड्याची कृती आपल्या मुलींच्या मोबाइलवर फिरते. बेसन किंवा टोफूचा चुरा, रंगाला हळद आणि वरून काळं मीठ, म्हणजे वास अगदी अंड्याचा. माझी पुतणी पुढच्या वर्षी शिकायला बाहेर हॉस्टेलवर जाणार आहे. तिने विचारलं, “काकू, यात कुठे जीव मेला? मग हरकत काय?”

प्रश्न रास्त आहे. पण याचं उत्तर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इ. स. 959 साली, ‘यशस्तिलकचंपू’ पूर्ण केला. त्यात यशोधर राजा वाईट स्वप्न पडल्याचं आईला सांगतो. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतात. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेकांना पुढे जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागलं. पीठ निर्दोषच होतं, दोष भावात होता.

म्हणून मला वाटतं, नक्कल नको. कुणी म्हणेल, हॉस्टेलजवळ भुर्जीच्या गाड्या असतात, त्यापेक्षा नकली बरी. नकली खाऊन खरीपासून वाचता येत असेल, तर मी तिला रागावणार नाही. पण ज्या मुलीने अंडं कधी खाल्लंच नाही, तिला त्या वासाची गोडी आपणच का लावायची? बेसनाचा पोळा जरूर खावा. तो पोळा म्हणूनच चांगला लागतो.

हा नियम माझ्या ताटापुरता. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना अंडी मिळतात. ज्यांच्या घरी ती चालतात, त्या मुलांच्या ताटावर बोलायचा मला अधिकार नाही.

आता चौविहाराचं. हिवाळ्यात म्हसावदला सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा झटपट पदार्थ आपल्यालाही हवाच. सकाळची भाकरी किंवा पोळी घ्या. रात्रीची शिळी नको; सकाळची नसेल तर खाकरा चालेल. तेलात जिरं-मोहरी, हिरवी मिरची, टोमॅटो, उकडलेले मक्याचे दाणे परता. वाटल्यास पनीर कुस्करा. शेवटी भाकरीचे तुकडे टाकून दोन मिनिटं हलवा, वर कोथिंबीर. पंधरा मिनिटांत ताट तयार. सोबत राजमा असेल तर कच्चं दही वाढू नका, द्विदल होतं.

मका, मिरची, टोमॅटो हे सगळे अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. आज नंदुरबारच्या मिरचीला कुणी परकी म्हणेल का? पुतणीला मी तेच सांगितलं : परदेशातलं घ्यायला ना नाही, निवडून घे.